हनुक्काचे दिवे ख्रिस्ती घरात

आगमनकाळ सुरू झाला की मोऱ्यातल्या ख्रिस्ती घरांत काय काय चालते ते आपल्याला सांगायला नको. माळ्यावरची चांदणी खाली उतरते, गोठ्यासाठी गवत शोधले जाते, नेवऱ्या आणि कलकल करायला पोळपाट-लाटणी निघतात, नोव्हेनाच्या आणि गायनवृंदाच्या सरावाच्या वेळा फ्रिजवर चिकटवल्या जातात. आमच्या घरी बहुधा याच दिवसांत आणखी एक सण येतो. आमची सून बेने इस्रायल समाजातली, माहेर अलिबागचे. ती आठ रात्री हनुक्काचे दिवे लावते.

रविवारी मिस्सेनंतर यावरून आम्हाला दोन तऱ्हेची वाक्ये ऐकायला मिळतात. काहीजण काळजीच्या सुरात विचारतात, "ख्रिस्ती घरात हे चालते का?" काहीजण कौतुकाने म्हणतात, "किती छान! दिवाळी, नाताळ, हनुक्का, सगळे दिव्यांचेच सण. शेवटी सगळे एकच की!" पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्हाला फारसे जड जात नाही. अडचण होते ती दुसऱ्या, प्रेमाने केलेल्या कौतुकाची. ती अडचण काय आहे ते इथे मांडायचे आहे.

ज्यांना हा समाज ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपण वाढलो, अशी बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. आडनावे आपल्याच गावांची: पेणकर, किहीमकर, नागावकर, चौलकर. भाषा मराठी. सिनेगॉगला ते बोलीत 'मशीद' म्हणत. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे, आणि अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ आहे, त्याची आजची इमारत १९१० ची. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. भारतात आता सगळे मिळून काही हजार यहुदी उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. म्हणजे मुंबईतून लाँचने मोऱ्याला येताना जो किनारा आपल्याला दिसतो, तो जितका आपला तितकाच त्यांचाही जुना.

या समाजाची एक गोष्ट आम्हाला फार नवलाची वाटते. त्यांच्या जुन्या सणांना अस्सल मराठी नावे होती. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. बिरड्याचा रोजा म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपास, तो सोडताना बिरडे खात. या यादीत हनुक्का नाही. मराठी नाव तर नाहीच, सणच नव्हता. पूर्वज हनुक्काचा प्रसंग घडण्याआधीच मायदेश सोडून निघाले म्हणून तो सण त्यांच्याकडे नव्हता, असे त्यांच्यातले जाणते लोक सांगत आले. पुढे दाविद रहाबी नावाच्या यहुद्याने त्यांना ओळखले असे परंपरा सांगते, आणि नंतर कोचीनहून आलेल्या शिक्षकांकडून त्यांना बाकीचे सण कळले, त्यात हनुक्काही आला. पिढ्यानपिढ्या तेल गाळणाऱ्या लोकांकडे तेलाचाच सण नव्हता! विहीणबाईंना हे सांगितले की त्या हसतात आणि म्हणतात, "अहो, तेल्याच्या घरी दिव्याचे काय कौतुक?"

आता हनुक्काची कथा. ती आपल्या बायबलमध्ये आहे, मक्काबींच्या पहिल्या आणि दुसऱ्या ग्रंथात. गंमत अशी की हे ग्रंथ यहुद्यांच्या स्वतःच्या पवित्र शास्त्रात नाहीत, प्रॉटेस्टंट बायबलमध्येही बहुधा नसतात. आपण कॅथलिकांनी ते जपले. मृतांसाठी प्रार्थना करणे पवित्र आहे हे शिकवणारा उतारा याच दुसऱ्या ग्रंथातला (१२:४३-४६). पण 'मक्काबी' हा शब्द ऐकून पुढची गोष्ट सांगू शकतील अशी माणसे आपल्या चर्चमध्ये किती निघतील? म्हणून थोडक्यात सांगतो. सिरियाचा ग्रीक राजा चौथा अंतियोख याने फर्मान काढले की राज्यातल्या सगळ्यांनी आपापले रिवाज सोडून एक लोक व्हावे. इस्रायलमधल्या अनेकांना ते पसंतही पडले. इ. स. पूर्व १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट करण्यात आले. शब्बाथ पाळणे, सुंता करणे हे गुन्हे ठरले. मुलांची सुंता केली म्हणून आयांना ठार मारले. मोदेईन गावचा याजक मत्ताथिया उठला, मग त्याचा मुलगा यहूदा मक्काबी लढला, आणि इ. स. पूर्व १६४ मध्ये किसलेव महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी मंदिर शुद्ध करून नवी वेदी अर्पण केली. आठ दिवस उत्सव झाला. एका दिवसापुरते तेल आठ दिवस पुरले, ही सर्वांना आवडणारी कथा मात्र मक्काबींच्या ग्रंथांत नाही, ती नंतरच्या तालमुदात आहे.

आता ते कौतुकाचे वाक्य पुन्हा वाचा: शेवटी सगळे एकच. हे वाक्य आज चांगल्या मनाने बोलले जाते, पण या कथेत ते कोणाच्या तोंडी आहे? अंतियोखाच्या. त्यालाही सगळे एक व्हायला हवे होते. हनुक्का हा 'एक' व्हायला नाही म्हणणाऱ्यांचा सण आहे. आमचे राहू द्या, आम्हाला वेगळे राहू द्या, असे म्हणत जे मेले आणि लढले, त्यांची ती आठवण. असा सण भिन्नधर्मीय घरात 'सगळे सारखेच' म्हणून साजरा करणे म्हणजे पाहुण्याला घरात बोलावून त्याचे तोंड बंद करणे. चांदणीशेजारी आणखी एक शोभेची माळ, इतकीच त्याची किंमत उरते.

काही श्रद्धाळू मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. हनुक्काच्या दिवटीत आठ दिव्यांखेरीज नववा दिवा असतो. त्याला शम्माश म्हणतात, म्हणजे सेवक. त्याने बाकीचे दिवे पेटवायचे. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी तो पाहून उत्साहाने सांगितले, "हा सेवक म्हणजेच ख्रिस्त! त्याच्याकडून सगळ्यांना प्रकाश!" सून नुसती हसली आणि चहा टाकायला आत गेली. विचार सुंदर असेल, पण तो आपला आहे. तिच्या दिव्याला आपला अर्थ चिकटवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

इथे इतिहासही आडवा येतो. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसले आणि १८१२ पर्यंत चालले. त्याचा पहिला रोख यहुदी वंशाच्या नवख्रिस्ती लोकांवर होता. मुंबई बेट ज्याला पट्ट्याने मिळाले होते तो वैद्य गार्सिया द ओर्ता अशाच घराण्यातला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० मध्ये खुद्द त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. का, तर घरात गुपचूप जुने सण पाळल्याचा ठपका. त्या काळी आपले हे करंजा बेटही पोर्तुगीजांच्या सत्तेखाली होते. म्हणजे ज्या घरात आज आम्ही कौतुकाने दिवे बघतो, तशा घरात एकेकाळी असा दिवा सापडला असता तर शेजाऱ्याने चुगली केली असती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र काढून यहुद्यांविषयीची सगळी भाषाच बदलली. पोप जॉन पॉल दुसरे १३ एप्रिल १९८६ रोजी रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि यहुद्यांना आपले थोरले भाऊ म्हणाले. मार्च २००० मध्ये यरुशलेमच्या पश्चिम भिंतीत त्यांनी क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवली. 'चालते का?' असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर इथेच मिळेल. पण पोपमहाशयांनी थोरला भाऊ म्हटले म्हणजे थोरला भाऊ आपल्यात विरघळला, असे नाही.

प्रभू येशूने हनुक्का पाळला का, असे आमच्या नातीने एकदा विचारले. योहानलिखित शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढून दाखवला: यरुशलेमात मंदिराच्या समर्पणाचा सण होता, हिवाळा होता, आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता (१०:२२-२३). तो समर्पणाचा सण म्हणजे हनुक्काच. नात खूश झाली. इथेच पुस्तक मिटवायचा मोह होतो. पण पुढे वाचावेच लागते. त्याच देवडीत लोक त्याला घेरून विचारतात की तू ख्रिस्त असशील तर उघड सांग, आणि थोड्याच ओळींनंतर दगड उचलतात. म्हणजे आपण आणि आपले यहुदी बांधव ज्या प्रश्नावर वेगळे झालो तो प्रश्न हनुक्काच्याच दिवशी, हनुक्काच्याच जागी विचारला गेला. नातीच्या आईसमोर बसून हा अध्याय वाचणे सोपे नाही. आम्ही तो वाचतो, आणि 'यहुदी' या शब्दाचा तिथे अर्थ त्या दिवशी तिथे असलेली माणसे एवढाच आहे, तुझ्या अलिबागच्या आजीचा तिथे संबंध नाही, हे मुलांना स्पष्ट सांगतो.

आता मुलांविषयी, कारण खरी गाठ तिथे आहे. यहुदी शास्त्राप्रमाणे यहुदी आईचे मूल यहुदी. आपल्या ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणे स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी विवाह करायला विशेष परवानगी लागते, आणि मुलांना ख्रिस्ती श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढे करीन असे वचन कॅथलिक व्यक्ती देते. दुसऱ्या व्यक्तीकडून वचन घेत नाहीत, तिला फक्त ते कळवतात. आमच्या मुलाने ते वचन दिले, सुनेला कळवण्यात आले, आणि दोन्ही नातवंडांचा बाप्तिस्मा आपल्याच चर्चमध्ये झाला. कागदावर सगळे नीट आहे.

पण हनुक्काच्या कथेत मुलांची सुंता करून मरणाऱ्या आया आहेत. आमच्या नातवाची आठव्या दिवशी सुंता झाली नाही. त्याची आई दरवर्षी त्या आयांच्या आठवणीचे दिवे लावते. तिच्या मनात तेव्हा काय येत असेल ते तिने कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही. 'नोस्त्रा एताते' वाचून हा भार हलका होत नाही. विहीणबाई मात्र एकदा बोलल्या. कारंजातून बोटीने रेवसला उतरून आम्ही अलिबागला गेलो होतो, मलिदा होता. मलिदा म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे, गूळ आणि फळे ठेवून केलेली प्रार्थना. तो एलिया आपलाही, रूपांतराच्या डोंगरावर प्रभूशेजारी उभा असलेला. सगळे आनंदात होते. जेवण झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यात एक लग्न बाहेर झाले तर चर्च तेवढेच भरते. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय प्रार्थना पुरी होत नाही, आणि आताच दहा जमत नाहीत. आम्ही माणसे मोजतो." त्यांच्या हिशेबात आमचा नातू वजा झाला आहे. आमच्या घरात तो आनंदाने मिळाला, त्यांच्या घरातून तो गेला. आम्ही काही म्हणालो नाही. म्हणण्यासारखे काय होते?

मग अशा घरात हनुक्का कसा करायचा? आमच्यापुरते आम्हाला असे वाटते की दिवे तिचे, आशीर्वचनही तिचे. ती हिब्रूत म्हणते, आम्ही उभे राहतो, शेवटी आमेन म्हणतो. आमेन हा शब्द मूळ त्यांचाच. मुलांना आम्ही 'तुम्ही अर्धे अर्धे' असे सांगत नाही. तुम्ही ख्रिस्ती आहात, आणि ही तुमच्या आईची, तिच्या आईची आणि प्रभू येशूच्या आईची प्रार्थना आहे, असे सांगतो. मोठेपणी त्यांना काही वेगळे वाटले तर तो त्यांचा विवेक. मक्काबींच्या ग्रंथात एक अवघड ओळ आहे: मत्ताथियाच्या लोकांनी सापडलेल्या मुलांची बळजबरीने सुंता केली (१ मक्काबी २:४६). ज्यांच्यावर जबरदस्ती झाली त्यांनीही केली. त्यामुळे दोन्ही आजीआजोबांनी मुलांना ओढू नये, एवढे आम्ही आणि अलिबागकरांनी बोलून ठरवले आहे. ते नेहमी जमते असे नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ही वाचकांना किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे रिकामा अर्धा तास. मुलाची बंदरात पाळी असते. सून मुंबईला नोकरीला. पूर्वी भाऊच्या धक्क्याहून लाँचने यायची. ओहोटी असली की मोऱ्याच्या गाळामुळे लाँच धक्क्याला लागायची नाही, मग रात्र. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आली, तेवढी सोय झाली. मुलांचे क्लास, नोव्हेना, सराव, आणि स्वयंपाकघरात नेवऱ्यांचे तेल तापलेले. दिवे लावायचे अंधार पडल्यावर. उशीर झाला तरी घरातले जागे असेपर्यंत लावता येतात, एवढी सवलत त्यांच्या शास्त्रात आहे. पण लावल्यावर निदान अर्धा तास ते तेवले पाहिजेत, आणि त्यांच्या उजेडाचा कशासाठीही उपयोग करायचा नाही. त्या उजेडात वाचायचे नाही, निवडायचे-टिपायचे नाही. शम्माश त्याचसाठी असतो, चुकून उजेड वापरला गेलाच तर तो त्याचा म्हणावा. दिवे जळत असेपर्यंत बायकांनी काम करू नये असाही रिवाज आहे.

तेव्हा आमच्याकडे त्या अर्ध्या तासात गॅस बंद होतो. नेवऱ्या थांबतात. टीव्ही बंद. गायनवृंदाचा फोन आला तर नंतर करतो म्हणून सांगतात. सुरुवातीला हे फार जड गेले. नाताळ तोंडावर असताना काहीही न करता दिव्याकडे बघत बसायचे! पण आमच्या मते तिच्या सणाला आमच्याकडून जे देणे आहे ते हेच. तिच्यासारखी श्रद्धा आम्ही देऊ शकत नाही, आणि नसलेली श्रद्धा दाखवणे खोटेपणा होईल. बटाट्याची भजी तळून 'आम्हीही हनुक्का करतो' म्हणणे सोपे आहे. ती भजी आम्ही तळतोच, दिवे विझल्यावर. आपले काम बाजूला ठेवून दुसऱ्याच्या सणासमोर गप्प बसणे मात्र कठीण, कारण त्यात आपल्याला मिळत काहीच नाही. आठ रात्रींचे मिळून छत्तीस दिवे होतात, शम्माश धरले तर चव्वेचाळीस. सून काचेच्या छोट्या पेल्यांत खोबरेल घालून वाती लावते. तेल आमच्याकडून जाते, हे आमच्या घरातल्या थोरल्यांनी मागून घेतलेले काम.

यहुदी महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे हनुक्काची तारीख आपल्या कॅलेंडरात दरवर्षी सरकते. २००५ साली पहिला दिवा २५ डिसेंबरच्या संध्याकाळी होता, तसाच २०२४ साली. त्या वर्षी नाताळचे पाहुणे बाहेर बसले होते आणि आम्ही त्यांना अर्धा तास थांबायला सांगितले. दोघे रागावून गेले, बाकीचे थांबले. २०२७ साली पहिला दिवा २४ डिसेंबरला येतो, आणि तो शुक्रवार आहे. म्हणजे शब्बाथ लागण्याआधी, सूर्यास्तापूर्वीच दिवा लावावा लागेल आणि नेहमीपेक्षा जास्त तेल घालावे लागेल, कारण तो अंधार पडल्यावरही अर्धा तास जळायला हवा. सूर्यास्त त्या दिवसांत सहाच्या सुमारास होतो. सुनेला त्या दिवशी लवकर निघायला रजा काढावी लागेल. नातीला रात्रीच्या मिस्सेसाठी गायनवृंदात उभे राहायचे आहे आणि संध्याकाळच्या शेवटच्या सरावाला ती अर्धा तास उशिरा येईल, हे गायनवृंदाच्या प्रमुखांना आम्ही आताच सांगून ठेवतो.